बिनपगारी फीत

भाऊ, तू गेल्यापासून जो येतो तो तुझ्याबद्दल चांगलंच बोलतो. देवळीला दुकानासमोर मांडव टाकला होता, तिथे तेरा दिवस मी हेच ऐकलं. शिस्तीचा माणूस, शब्दाचा पक्का, फौजेत राहून तोंडात कधी शिवी नाही. मी मान हलवत बसले. मनात म्हणत होते, या सगळ्यांचं तुझ्याशी जमलं, माझंच भांडण तेवढं अर्धवट राहिलं. बेचाळिसाव्या वर्षी, सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर करून तू खाली बसलास तो बसलासच. काल तेरवी झाली. आज वर्ध्याजवळ पिपरी मेघेला घरी येऊन मुलांना शाळेत पाठवलं, माझ्या शाळेतून आणखी एक दिवसाची रजा घेतली आणि हे लिहायला बसले. मी चौथीच्या वर्गाला शुद्ध मराठी शिकवते म्हणून तू मला चिडवायचास, तेव्हा जमेल तितकं शुद्ध लिहिते. तुझं बोलणं मात्र तुझ्याच बोलीत येणार, त्याला माझा इलाज नाही.

भांडण कशाचं ते तुला ठाऊक आहे. सख्खा एकुलता भाऊ असून तू माझ्या लग्नाला आला नाहीस. आणि का आला नाहीस ते कळल्यावर मी तुला भर दुकानात जे बोलले, ते मागे घ्यायचं माझ्याकडून राहून गेलं. रोज म्हणत होते, पुढच्या रविवारी जाऊ.

पण त्याच्या मुळाशी तुझी ती फीत आहे, आणि फितीच्या मुळाशी तुझं ते निळं अंतर्देशीय पत्र. नव्वद-पंचाण्णवचा काळ, आपल्या घरी फोन नव्हता. तुझं पत्र आलं की वाचायचं काम माझं. बाबांना वाचता येत नव्हतं असं नाही, पण ते म्हणायचे चष्मा सापडत नाही. खरं तर त्यांना तुझं पत्र ऐकायचं असायचं, आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही ऐकवायचं असायचं. त्या दिवशी दोघं जण तूरडाळ घ्यायला थांबले होते. मी खणखणीत आवाजात वाचलं, "बाबा, मले एक फीत भेटली. मी आता अनपढ लान्स नायक झालो."

बाबा म्हणाले, "परत वाच." मी परत वाचलं आणि परत अनपढच वाचलं. तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, त्यात मात्रा कुठे उडालेली, ड कुठला आणि ढ कुठला काही पत्ता नाही. डाळवाल्यांपैकी एक जण हळूच म्हणाला, "जाऊ द्या शेटजी, फौजीत काय शिक्षण लागते." ते बाबांना जास्त लागलं. "दहावी पास पोट्टा अनपढ कसा व्हईन? यानं तेईले कागदं दाखवले नाई का?" असं म्हणत त्यांनी दुकान आईवर सोडलं, पेटीतून तुझी गुणपत्रिका काढली, हायस्कूलच्या हेडमास्तरांकडून खऱ्या नकलेवर सही-शिक्का घेतला आणि तुझ्या पलटणीच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं पाठवली. सोबत हिंदीत पत्र. ते मी लिहिलं. "महोदय, मेरा पुत्र अनपढ नहीं है. गणित में उसे साठ अंक हैं. कृपया सुधार करें." त्या वयात मला माझ्या हिंदीचा भारी गर्व होता.

महिन्यानं तुझं उत्तर आलं. सुभेदारसाहेबांनी ते पत्र सगळ्या कंपनीला उभं करून वाचून दाखवलं म्हणे. पुढे कितीतरी महिने तुला नावानं कोणी हाक मारली नाही, सगळे मॅट्रिक म्हणायचे. यावेळी तू पाटीवर लिहितात तेवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतंस: अनपेड. म्हणजे बिनपगारी. मग समजावून सांगितलं होतंस की बाहीवर एक फीत चढली, हाताखाली माणसं आली, त्यांच्या चुकीला आता जबाबदार तू. पण पगार शिपायाचाच, पगाराची जागा मोकळी होईपर्यंत. बाबांनी ते ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अनपढ असता त बरं झालं असतं. त्याच्यावर कागद पाठवता आला. याच्यावर आता कोणता कागद पाठवू?"

मी इतकी हसले की आईनं मला आत पाठवलं. तुझ्या तेरा दिवसांत मी एकदाच हसले, ते हेच आठवून, आणि आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

त्यानंतर तू सुट्टीवर आलास तेव्हा बदललेला होतास. आधी यायचास तर दिवसभर झोपायचास आणि उठलास की खायला मागायचास. आता बसल्या बसल्या कोणाकोणाचं सांगायचास. कोणाच्या टाचेला भेगा पडल्यात, कोणाला बायकोचं पत्र आलं नाही म्हणून जेवण जात नाही, कोण पहाऱ्यावर उभ्यानं डुलक्या घेतो आणि त्याला बोलायचं कसं. जायच्या आदल्या दिवशी आई नेहमीसारखा तिळाच्या लाडवांचा लहान डबा भरत होती, तू म्हणालास, "माय, एवढ्यात काय व्हते? दहा जण हायेत." आई म्हणाली, "मी एकालेच जन्म दिला." पण तीळ पुन्हा भाजायला घेतले. पुढच्या प्रत्येक सुट्टीत तिनं दहा जणांचे लाडू केले. तुझा पगार जिथल्या तिथे राहिला आणि आईचं काम दसपट झालं, म्हणून मी तिलाही अनपेड लान्स नायक म्हणायला लागले. तिला ते आवडायचं.

बाबांना मात्र पटलं नाही. दुकानदार माणूस, काम वाढवून घ्यायचं आणि मोबदला नाही हे त्यांच्या डोक्यात बसेना. जेवताना त्यांनी तुला विचारलं, "काऊन घेतली मंग ते फीत? नाई म्हणता येत नव्हतं का?"

तू म्हणालास, "येत होतं."

"मंग?"

तू भाकरीचा तुकडा मोडत बसलास. मग म्हणालास, "बाबा, पैसे भेटत असते त मी म्हणलं असतं, माही ड्युटी एवढीच, याच्या पुढचं माह्याकडे नाई. पैसे नाई भेटत म्हून कुठंवर करायचं हे मलेच ठरवा लागते."

बाबा म्हणाले, "पागल झाला हा." मीही तेच म्हटलं. तेव्हा ते वाक्य ऐकून सोडून दिलं. त्याचा त्रास आपल्यालाच होणार आहे हे घरात कोणाला सुचलं नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा तुझी पहिली अट होती की तारीख तुझ्या सुट्टीत बसली पाहिजे. आर्वीच्या मंडळींना आपण दोनदा तारीख बदलायला लावली. तू लिहिलंस, सुट्टी मंजूर आहे, आठ दिवस आधी येतो, मांडवाचं सगळं माझ्यावर सोडा. आणि मग लग्न दोन आठवड्यांवर आलं असताना तार आली. सुट्टी रद्द. येता येत नाही. आशीर्वाद. बाबांनी तार घडी करून गल्ल्यात ठेवली. आई म्हणाली, सरकारी नोकरी आहे, त्याच्या हातात काय आहे. मीही तेच धरून चालले. दोन दिवस सगळ्या सैन्याला शिव्या दिल्या आणि उरलेले दिवस रडले.

तुला कधी सांगितलं नाही, लग्नाच्या दिवशी मी मांडवाच्या दाराकडेच पाहत होते. वाटायचं, हा आता पिशवी खांद्याला लावून येतो आणि म्हणतो, काऊन वं, फसवलं का नाई तुले? होमाच्या वेळी भावानं बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालायच्या असतात, त्या आत्याच्या मुलानं घातल्या. कानपिळीला नवऱ्याचा कानही त्यानंच पिळला, आणि मानाचं शर्टाचं कापड घेऊन गेला. माझ्या ओंजळीतल्या निम्म्या लाह्या खाली सांडल्या, कारण मला दिसत नव्हतं.

तीन महिन्यांनी एका दुपारी तू आर्वीला आलास. एसटीतून उतरून थेट, ना देवळीला गेलास ना काही खाल्लंस. हे नुकतेच कचेरीतून येऊन हातपाय धूत होते. तू पिशवी ठेवलीस, सासूबाईंच्या पाया पडलास आणि म्हणालास, "जवाईबापू, इकडं या जरा." त्यांना वाटलं काही खाजगी आहे. ते ओल्या हातानं जवळ आले आणि तू अंगणात, माझ्या सासू-सासऱ्यांच्या देखत, त्यांचा उजवा कान धरून पिळलास. चांगला लाल होईपर्यंत. "माह्या बहिणीले नीट ठेवजा," म्हणालास. सासरे आ वासून बघत होते. ह्यांनी कान चोळत विचारलं, "आता मानाचं काय द्यायचं?" तू म्हणालास, काही नको. तर हे म्हणतात, "म्हणजे ही बी अनपेड का?" तू इतका हसलास की खाली बसलास. आणि मग तसाच बसून डोळे पुसलेस. आम्ही कोणीच ते पाहिलं असं दाखवलं नाही.

त्या दिवशी मी तुला माफ केलं होतं, भाऊ. पण दोष सैन्याचा धरून माफ केलं होतं. तुला माफ करायचं आहे हेच मला माहीत नव्हतं.

पुढे तुझ्या फितीला पगार लागला, दुसरी फीत आली, तिसरी आली, तू हवालदार होऊन घरी आलास आणि बाबांच्या जागी दुकानात बसलास. आमची बदली वर्ध्याला झाली. रविवारी मी देवळीला यायचे, तू ह्यांना पलटणीतल्या गोष्टी सांगायचास. अशाच एका रविवारी तू बोलण्याच्या ओघात सांगून गेलास. सेक्शनचा मुख्य कोर्ससाठी गेला होता, दहाही जण तुझ्या हाती होते. सुट्टीवर एका वेळी एकालाच सोडायचं होतं आणि यादी करायचं काम तुझंच होतं. एका पोराची आई अत्यवस्थ असल्याची तार आली. सुभेदारसाहेब म्हणाले होते, "तेरी बहन की शादी है, तू जा, इसको बाद में भेजेंगे." तू तुझं नाव खोडून त्याचं लिहिलंस.

तू हे सांगत होतास ते ह्यांना. मी मागे चहा घेऊन उभी होते.

काय काय बोलले मी तुला. म्हटलं, त्या बिनपैशाच्या चिंधीसाठी तू बहीण सोडली. म्हटलं, साधा शिपाई राहिला असता तर यादी दुसऱ्यानं केली असती आणि तू माझ्या मांडवात असता. म्हटलं, फुकटचा साहेब. ते दोन शब्द गिऱ्हाइकांसमोर बोलले. वहिनी आतून बाहेर आली आणि परत गेली. तू ओरडला असतास तर बरं झालं असतं, माझं भांडण तिथेच संपलं असतं. मग मी विचारलं, "बरं, त्याची आई वाचली का निदान?"

तू वळलास आणि साखर मोजायला घेतलीस. साखर कोणी मागितली नव्हती.

मी समजले की तुला बोलायचं नाही. तीन वर्षं मी पुन्हा विचारलं नाही आणि तूही विषय काढला नाहीस. बोलत होतो आपण, येत-जात होतो, भाऊबीज होत होती, तू माझ्या मुलीला सायकल शिकवलीस. पण ते दोन शब्द दुकानात पडून राहिले. शेवटचं तू मोबाइलवर बोललास ते जायच्या आठ दिवस आधी. "रविवारी येजो," म्हणालास, "हुरडा आणून ठेवतो." मी म्हटलं, पेपर तपासायचे आहेत. पेपर काय, ते सोमवारीही तपासता आले असते.

काल पंगती उठून गेल्यावर एक माणूस आला. चाळिशीच्या आतला, डोईचे केस बारीक कापलेले, हातात एसटीत चुरगळलेली पिशवी. वहिनीनं ओळखलं नाही. म्हणाला, मी बालाजी, लातूरकडचा, उस्तादांच्या सेक्शनला होतो, बातमी उशिरा कळली. तुला ते उस्ताद म्हणायचे हेही मला काल कळलं. वहिनी दमली होती म्हणून मी त्याचं पान वाढलं. वरण-भात, वांग्याची भाजी, वडा. त्यानं घास घेतला नाही. म्हणाला, "तुम्ही बहीण ना उस्तादांच्या? ज्यांच्या लग्नाला ते आले नाहीत?"

मी वाढायचं थांबवलं. म्हटलं, "हो. अन् तुम्ही?"

"मीच तो. माझ्या आईची तार आल्ती."

तीन वर्षं ज्या माणसावर मी मनातल्या मनात दात खाल्ले, तो पाटावर बसला होता आणि त्याच्या शर्टाचं एक बटण तुटलेलं होतं. मी तुला विचारलेलं त्याला विचारलं. तो म्हणाला, "नाही ताई. मी पोचलो तवा आदल्या दिवशीच माती झाल्ती." मग खाली बघत सांगायला लागला. त्यानं घरूनच तुला तार केली होती. आई गेली, मी उद्याच निघतो, माझी सुट्टी राहू द्या, तुम्ही बहिणीच्या लग्नाला जा. लग्नाला अजून नऊ दिवस होते. हिशेबानं तू आरामात पोचला असतास. तुझी उलटी तार त्याला मिळाली. निघू नको. तेरवी कर. बापाजवळ बस.

म्हणजे तू एकदा नाही, दोनदा आला नाहीस. पहिल्यांदा एका मरणाऱ्या आईसाठी, आणि दुसऱ्यांदा, ती मेली हे कळल्यावर, कोणाच्या तरी म्हाताऱ्या बापासाठी. हे तू मला सांगितलं असतंस तर मी तुला जिवंत सोडलं नसतं. ते तुलाही माहीत होतं. खोटं बोलून "वाचली" म्हणणं किती सोपं होतं, भाऊ. मी तिथेच विरघळले असते. तेही तू केलं नाहीस, साखर मोजत बसलास.

मी वरणाची बादली तशीच हातात धरून त्याच्यासमोर बसले. बालाजीला वाटलं मला राग आला. तो घाईनं म्हणाला, "माझा बाप त्या तेरा दिवसांत दोनदा विहिरीकडं गेल्ता, ताई. मी होतो म्हणून धरला. उस्तादांना मी हे नंतर सांगितलं. पण मनाला लागून राहिलं. दर साली फोन करायचो, एकच इचारायचो, ताई रागावल्या का. ते म्हणायचे, अरे, तिले मी सगळं सांगतलं. ती म्हणे, बरं केलं भाऊ, मी बी हेच केलं असतं." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "खरंच म्हणाल्या होत्या ना तुम्ही?"

तू असा कसा रे. मी फुकटचा साहेब म्हणाले होते, आणि तू दर साली त्याला माझ्या तोंडचं म्हणून हे सांगत राहिलास. त्याला झोप लागावी म्हणून, की मी कधीतरी असं म्हणेन अशी तुला आशा होती म्हणून, हे आता मला कोण सांगणार?

मी तसं केलं असतं का, खरं सांगते, माहीत नाही. मी बहुतेक माझ्या भावाच्या लग्नाला गेले असते. पण तू केलंस ते बरं केलंस. हे मला काल दुपारी, वरणाची बादली हातात धरून कळलं, आणि ऐकायला तू नव्हतास. तो होता.

"हो," मी त्याला म्हणाले, "त्यानं सांगितलं तेव्हाच म्हणाले होते. बरं केलं भाऊ, मी बी हेच केलं असतं."

बालाजीनं मान हलवली, पहिला घास घेतला आणि थोड्या वेळानं आणखी भात मागितला.